मराठी शाळेमुळं पोरं मागं पडतात? नाही

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर फिरतंय : ‘मराठी शाळेत घातलं की पोरगं मागं पडतं, पहिलीपासून इंग्रजीतच घाला.’ हे चूक आहे. गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांमधलं अंतर बरंचसं पहिलीच्या आधीच पडलेलं असतं. माध्यम नंतरची गोष्ट. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांवर नजर ठेवली गेली. ज्यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगली बालवाडी मिळाली, ती चाळिशीतही बालवाडी न मिळालेल्यांपेक्षा जास्त कमावत होती. (प्रयोग छोटा होता, हेही खरं.) आजी शेंगा फोडताना नातवाला ‘ह्यात दाणे किती रे?’ विचारते ना, सुरुवात तिथं होते. उलट घरी मराठी बोलणारं पोरगं अंगणवाडीत नुसतं कन्नड ऐकतं, तेव्हा दाणे मोजणं दूरच, ते तोंडच उघडत नाही.