'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'सडेतोड' महोदय,

घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांसाठी पोलिसांना आणि सरकारी वकिलांना प्रशिक्षण द्या, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं: दोन दिवसांच्या शिबिरानं खाकी सुधारत नाही, आधी भरती करा, ४९८अ च्या (नवऱ्यानं-सासरच्यांनी केलेल्या छळाचं, जुन्या दंड संहितेतलं कलम) गैरवापराबद्दल अवाक्षर नाही, आणि हे असलं 'एसीत बसून सुचतं बाईंना'.

लेख लांबला, मान्य. पण 'बाईंना' हा सूर कशासाठी? लेख कुणा देशपांड्यांनी लिहिला असता तर 'सुचतं बुवांना' म्हणाला असतात?

आता एसीबद्दल. माझे वडील हवालदार होते. मी पोलिस लाईनीतल्या दोन खोल्यांत वाढले. गणपतीत बाबा घरी नसतात, दिवाळीतही नसतात, हे मला कुणी सांगायला नको. त्यांचा डबा घेऊन ठाण्यात जायचे, तेव्हा पदरानं गाल झाकून आलेल्या बाया बाकावर बसलेल्या असत. वहीत 'किरकोळ कारणावरून पती-पत्नीत वाद' अशी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, व्हायची, नवऱ्याला 'समज' दिली जायची आणि बाई त्याच्याच मागून घरी. बाबांनीही अशा एनसी लिहिल्यात. दुष्ट नव्हते ते. दुसरं काही लिहायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढे मी वकील झाले. एका अशिलाकडे नवऱ्यानं त्रास देऊ नये असा कोर्टाचा संरक्षण आदेश होता, तरी नवरा रात्री दार बडवत होता. आदेशाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती ठाण्यात गेली. उत्तर मिळालं, "कोर्टाची ऑर्डर ना? मग कोर्टात जा." अहो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे आदेश मोडणं हाच गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ म्हणतं, दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलिसांनीच गुन्हा नोंदवायचा. त्या अंमलदाराचं हृदयपरिवर्तन मी मागितलंच नव्हतं. ही दोन कलमं त्याला माहीत हवी होती. दोन दिवस कशाला, अर्धा तास पुरतो.

सरकारी वकिलांची तऱ्हा वेगळी नाही. फिर्यादीला पहिल्यांदा भेटायचं ते साक्षीच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात. ती उलटली की 'फितूर' जाहीर करून मोकळे. ती अजून सासरीच राहते का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

आणि प्रशिक्षणाची टूम माझी नव्हे. त्याच कायद्याच्या कलम ११ नं पोलिसांना आणि न्यायिक अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ पासून आहे. म्हणजे हे सगळं बाईंच्या एसीच्या बरंच आधीचं.

भरती? करा की. कोण नको म्हणतंय?

गैरवापराचं म्हणाल, तर अशा अटकांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल २०१४ चा आहे. अटक का केली, का नाही केली, याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती धड नोंदवायची तरी शिकवावंच लागणार ना? शिवाय १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना ४९८अ नव्हे, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं. सडेतोड बोलायचं तर निदान कलम तरी ताजं घ्या.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची मात्र स्वतःच्या नावानं लिहा.