जाड मिनी घोड्याला उपाशी ठेवायला सांगणारा मेसेज

नाशिकच्या घोडेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'मिनी घोड्याचं वजन सात दिवसांत उतरवा'. त्यातलं सांगणं थोडक्यात असं. पहिले तीन दिवस चारा पूर्ण बंद, फक्त पाणी, कारण घोड्याच्या अंगची चरबीच त्याला पोसते. चौथ्या दिवसापासून नुसता गव्हाचा कोंडा, कारण तो हलका. हिरवं गवत आणि फळं नैसर्गिक, म्हणून ती कितीही चालतात. रोज तासभर पळवा, लंगडला तर तो आळस समजा. पोट सुटलेलं दिसलं की जंताचं औषध द्या.

गंगापूर रोडपासून दिंडोरीपर्यंत ज्यांनी हौसेनं मिनी घोडे, म्हणजे अगदी ठेंगण्या जातीचे घोडे, पाळलेत, त्यांच्यातले काही जण हे करायला निघालेत, म्हणून लिहितोय. वजन उतरवायला हवं, हे बरोबरच आहे. पण सांगितलेली रीत जनावराच्या जिवावर बेतणारी आहे.

सगळ्यात धोक्याचा आहे तो उपास. शेटलँड पोनी, मिनी घोडा आणि गाढव यांचा चारा अचानक तुटला की शरीर साठवलेली चरबी भराभर रक्तात सोडतं. जाड जनावरात इन्सुलिनचा परिणाम आधीच मंदावलेला असतो, त्यामुळे हा लोंढा आवरला जात नाही. चरबी यकृतात साचते, यकृताचं काम बिघडतं. रक्तात ट्रायग्लिसराइडचं, म्हणजे रक्तातल्या चरबीचं, प्रमाण इतकं चढतं, की काढलेलं रक्त नळीत थोडा वेळ उभं ठेवलं तर वर येणारा द्रव दुधासारखा गढूळ दिसतो. याला हायपरलिपिमिया म्हणतात. घोडा मलूल होतो, मान खाली घालून उभा राहतो, पाणी कमी पितो, आणि मुख्य म्हणजे त्याची भूकच मरते. भूक मेली की आणखी चरबी सुटते. उशीर झाला तर बहुतेक वेळा जनावर हाती लागत नाही. गाभण किंवा पाजत्या घोडीला हा धोका सगळ्यात जास्त. म्हणजे जितका घोडा जाड, तितका उपास घातक. मेसेज नेमका उलटं सांगतो.

शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, समोर चारा असो वा नसो. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, आणि चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल सौम्य करते. पोट रिकामं राहिलं की आतून व्रण पडतात.

मग करायचं काय? चारा तोडायचा नाही, मोजायचा. पशुवैद्यांचा साधारण आधार असा : वजन उतरवताना रोज शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा. शंभर किलोच्या मिनीला हे वाळलेलं गवत पावणेदोन किलोच्या आसपास भरतं. त्याच्या खाली पशुवैद्याला विचारल्याशिवाय जायचं नाही. ते मुठीनं नाही, काट्यावर तोलायचं. अंदाजानं टाकलेली पेंढी बहुतेकदा दुप्पट निघते. दिवसातून तीन-चार वेळा वाटून द्यायचं, बारीक छिद्रांच्या जाळीत भरून, म्हणजे तेवढंच गवत त्याला बराच वेळ पुरतं. मारवेल किंवा डोंगरी गवत चांगलं; लसूणघास पौष्टिक खरा, पण जाड जनावराला नको. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं तर त्यातली साखर बरीच कमी होते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात मात्र जास्त वेळ भिजत ठेवू नका, ते आंबतं. चंदी, गूळ, हरभरे बंद. नुसत्या गवतातून सगळे क्षार मिळत नाहीत, म्हणून घोड्यासाठीचं क्षारमिश्रण आणि मीठ चालू ठेवा. गाईम्हशींची गोळी पेंड यासाठी वापरू नका. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं, आणि ते घोड्याला अगदी थोडंही मारक ठरतं.

या हिशेबानं आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरलं तर उत्तम चाललंय. 'सात दिवसांत' हे शब्द दिसले तिथेच तो मेसेज बाजूला ठेवायला हवा होता.

कोंड्याबद्दल. वजनाला हलका म्हणजे पचायला आणि अंगाला हलका असं होत नाही. गव्हाच्या कोंड्यात पिष्ट बरंच असतं, आणि फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट. मुख्य खुराक म्हणून तो सतत चालला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजतात. हे दुखणं जुन्या तबेल्यांना ठाऊक होतं.

'नैसर्गिक ते कितीही चालतं' हा समज नाशिकमध्ये जास्तच महाग पडतो, कारण आपल्याकडे हंगामात टाकाऊ द्राक्षांचे क्रेट फुकट मिळतात. एक किलो द्राक्षांत दीडशे ग्रॅमहून जास्त साखर असते. मण्यांचं अर्धं घमेलं म्हणजे या एवढ्याशा जनावराला किती झालं, याचा हिशेब करा. पावसाळ्यात माळावर उगवलेलं कोवळं गवतही तसंच. दिवसभर मोकळं सोडलं तर जाड मिनी त्यावर आणखी फुगतो. चरायला सोडायचंच असेल तर तोंडाला चराईची मुसकी बांधा, आतून श्वास आणि पाणी दोन्ही घेता येईल अशी.

पळवण्याच्या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय. जाड मिनीमध्ये रक्तातलं इन्सुलिन चढलेलं राहतं, आणि खुराच्या आतल्या हाडाला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांना त्यानं इजा होते. हाच लॅमिनायटिस. त्र्यंबक रोडच्या एका फार्मवर मी असा मिनी पाहिला. पुढचे पाय समोर ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर, आणि वळायला लावलं की एकेक खूर गरम तव्यावर टेकवावा तसा टेकवत होता. खुरावर हात ठेवला तर गरम, घोट्याच्या मागे बोट लावलं तर नाडी ठणकत होती. त्याचा मोतद्दार त्याला पळवायला निघाला होता, कारण मोबाइलवर 'आळस' असं लिहिलेलं होतं. अशा घोड्याला पळवलं तर ते हाड खुराच्या आत फिरतं, कधी तळव्यातून बाहेर येतं. तो मऊ गादीवर उभा राहायला हवा. खुरं थंड पाण्यात ठेवायची, आणि पशुवैद्य व नालबंद दोघांनाही बोलवायचं. खुरावरची वर्तुळं टाचेकडे रुंद होत गेलेली दिसली तर हा त्रास आधीही होऊन गेलाय, असं समजा.

पाय ठणठणीत असतील तर व्यायाम हवाच. दोरीनं धरून रोज वीस-तीस मिनिटं झपझप चालवा, मग हळूहळू वाढवा. पाठीवर मोठी मुलं बसवणं हा व्यायाम धरू नका. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या मोजमापात मिनी म्हणजे आयाळीच्या शेवटच्या केसापाशी ३४ इंचांपर्यंतचा घोडा. त्याच्या पाठीला तो भार झेपत नाही.

जंतांचं औषध लिदीची तपासणी करून, वजनानुसार द्यायचं असतं. मोठ्या घोड्यासाठी आलेली ट्यूब पूर्ण पिळली तर मिनीला कितीतरी पट डोस जातो. चरबी त्यानं जात नाही.

पोट बघून जाडी ठरवूही नका. मिनीचं पोट जात्याच गोल दिसतं आणि हिवाळ्यात केस इतके दाट येतात की डोळा फसतो. हात फिरवा. बरगड्यांवरून बोटं फिरवताना सपाट पंजाच्या मागच्या बाजूइतकं हाड लागलं तर ठीक, तळहाताच्या अंगठ्याखालच्या मांसासारखं मऊ लागलं तर जाड. मानेवर आयाळीखालचा गड्डा चाचपा. तो टणक होऊन एका बाजूला कलायला लागला तर तातडी आहे. छातीचा घेर दर पंधरा दिवसांनी एकाच माणसानं, सकाळी खाण्याआधी, टेपनं मोजून भिंतीवर लिहून ठेवावा.

ज्यांनी मेसेज वाचून उपास सुरू केलाय, त्यांनी आत्ताच थोडं थोडं गवत समोर ठेवा, एकदम ढीग नको. खाल्लं तर दिवसभर त्याच बेतानं चालू ठेवा. तोंड लावत नसेल, मलूल असेल, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा. ओळखीचा नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ क्रमांक लावा. किती तास उपाशी आहे आणि घोडी गाभण आहे का, हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि रक्तातलं ट्रायग्लिसराइड तपासता येईल का, ते विचारा.