पांढरी पाच, थोडी चढी

मी कॉम्प्युटरवर गाणी लावली की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, गिरणी बंद कधी होणार?" गाणं तिच्यापर्यंत पोचतच नसे. माझ्यापर्यंत पोचायचं, पण पंख्यांच्या साथीने. एक पंखा प्रोसेसरवर, एक पॉवर सप्लायमध्ये. तिसरा कुठे होता ते शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि कण्हायचा नेमका तोच.

द. वि. पलुस्कर जन्मले आमच्या नाशकात, १९२१ साली. गावच्या माणसाचं गाणं तरी खरखरीविना ऐकावं, एवढ्या माफक इच्छेपोटी मी बिनपंख्याचा सर्व्हर, म्हणजे गाणी साठवून वाजवणारा कॉम्प्युटर, बांधायला घेतला. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानदाराने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "साहेब, एप्रिलात नाशकातला माणूस पंख्याशिवाय राहत नाही, मशीन कसं राहणार?" मी त्याला समजावलं की प्रोसेसर अवघ्या ६ वॅटचा आहे, डबा ॲल्युमिनियमचा आहे, त्याच्या पाठीवरच्या पात्यांतून उष्णता आपोआप बाहेर जाते. हार्ड डिस्कही नको, तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत गुणगुणते. एसएसडी द्या, तिच्यात हलणारं काहीच नसतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट लावून देऊ का? गाण्यावर नाचतात."

मग सीड्या. दोनशेच्या वर निघाल्या. सीडीतलं गाणं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, ते फ्लॅक नावाच्या फाइलीत भरलं की जागा साधारण निम्मी लागते आणि एक कणही सांडत नाही. सांडली ती माझी झोप. कारण प्रत्येक कंपनीने बागेश्रीचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं केलेलं, आणि माझ्या सर्व्हरच्या लेखी ते पाच स्वतंत्र राग. त्यांतला एक तर 'ट्रॅक ०४' याच नावाने खानदानी म्हणून वावरत होता.

शेवटी एका रविवारी सगळं जोडलं. सर्व्हर, त्यातून डॅक (आकड्यांचा आवाज करणारी डबी), डॅकमधून ॲम्प्लिफायर. बटण दाबलं. डबा इतका गप्प की चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागलं. मी डोळे मिटले.

"तंबोरा कुणी लावलाय रे?" आत्या म्हणाली. आत्याने तीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या केल्यात, गुडघ्यांच्या औषधासाठी आमच्याकडे आली होती. गाणं अजून सुरूच केलं नव्हतं. पण स्पीकरमधून एक संथ घुंग येत होतं खरं. आत्याने मान कलती केली. "पांढरी पाच. पण जरा चढी आहे." म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिची घुरघुर बहुधा दुपटीत, म्हणजे १०० वर ऐकू येते. पांढरी पाचचा जवळचा स्वर ९८ चा. दोन हर्ट्झची चढ आत्याने स्वेटर विणता विणता पकडली होती. इलेक्ट्रिशियनला मात्र तासभर काही पकडता आलं नाही; त्याने अर्थिंग तपासलं, चहा घेतला, "घरच जुनं आहे" म्हणाला आणि गेला. (घर सहा वर्षांचं आहे.)

दोष सापडला तो टीव्हीत. टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडलेला, टीव्हीला केबलची वायर, वायरीचं अर्थिंग कुठेतरी गच्चीवर; सर्व्हरचं अर्थिंग आमच्या भिंतीत. दोन अर्थिंगांचं आपसात पटत नव्हतं आणि त्यांचं भांडण माझ्या स्पीकरमधून ऐकू येत होतं. टीव्ही आणि ॲम्प्लिफायरमधली वायर उपटली, तंबोरा बंद. मालिकांमधलं ढॅण-ढॅणही तेव्हापासून टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर आलं, हा फायदा मी घरात बोलून दाखवलेला नाही.

आता फक्त एकच आवाज उरला. डोक्यावरचा पंखा. आधी तो मला कधी ऐकूही आला नव्हता. तीन महिने खपून मी त्याच्यासाठी स्टेज रिकामं करून दिलं होतं. मे महिना होता. पंखा बंद करून आलाप संपेपर्यंत बसलो, तर बनियन पिळावा लागला. बायको म्हणाली, "तुम्ही ऐका. मी गच्चीवर आहे."

डिसेंबरपर्यंत थांबलो. निफाडकडून बोचरा वारा सुटला, दारं-खिडक्या बंद झाल्या, रात्री दहानंतर गंगापूर रोडही दमला. पंखा बंद, फ्रिज पाच मिनिटांपुरता बंद, आत्या परत आलेली. पलुस्करांची जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी, तीन मिनिटांची, सीडीवरून उतरवलेली. लावली. सुई टेकल्याचा आवाज, आणि मागोमाग चरचर, तडतड. एकेक ठिणगी सुटी सुटी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.

"अगं, फोडणी गॅसवर राहिली का?" आत्याने आत हाक मारली.

बायको लगबगीने बाहेर आली. मी आवाज कमी करायला सर्व्हरकडे वळलो, तर त्याच्या कोमट पाठीवर स्टीलचं पातेलं, वर ताटली, ताटलीवर टॉवेल.

"हलवू नका हं," ती म्हणाली. "थंडीत दही लागत नाहीये. विरजण लावलंय."