अश्वोद्धार : एका रविवारात

घोडा विकत घेणाऱ्याने त्याचे दात, खूर आणि चाल पाहावी, अशी जुनी रीत आहे. आपण घोडा विकत घ्यायला नव्हे, वाचवायला निघाला आहात, तेव्हा या क्षुद्र तपशिलांत गुंतण्याचे कारण नाही. शिवाय आपण इंदूरकर, त्यातही मराठी. मल्हारराव होळकरांनी तरुणपणी मामांच्या पथकात शिलेदारी केली, म्हणजे घोड्याची पारख रामबागेसारख्या मराठी वस्तीतल्या प्रत्येक सदनिकेत वारसाहक्काने उतरलेली असणारच. रविवारी सकाळी फोन पूर्ण चार्ज करावा, पांढरा झब्बा घालावा आणि निघावे.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत लाखांच्या बोलीची तेजदार जनावरे येतात. ती आपल्या कामाची नाहीत, कारण त्यांच्याकडे पाहून कोणाला रडू येत नाही. आपण एखाद्या गावच्या गुरांच्या बाजारात, बैलांच्या रांगा संपतात त्या टोकाला जावे. वरातीत नाचून किंवा वीटभट्टीवर ओझी वाहून निकामी झालेली, बरगड्या मोजता येतील अशी एखादी घोडी तिथे सापडते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला कोणी डॉक्टर परिचयाचा असला, तरी त्याला सोबत नेऊ नये. तो हिरडी दाबून पाहील, मानेची कातडी चिमटीत धरील, घोडीला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवायला लावील आणि सकाळीच वेदनाशामक टोचून हिचे लंगडणे लपवले असावे, असा संशय मोठ्याने बोलून दाखवील. दलालाने घोडीचे वय आठ वर्षे सांगितले की आपण मान डोलवावी. खालच्या दातांवरचे खळगे साधारण आठव्या वर्षापर्यंत बुजतात आणि पुढे वय ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. त्यामुळे बाजारातल्या पुष्कळशा म्हाताऱ्या घोड्यांनी आठवे वर्ष कायमचे धरून ठेवलेले असते.

भावाची घासाघीस मुळीच करू नये, कारण करुणेला हिशेब शोभत नाही. हिशेब दलाल करतो, आणि तो करू लागला की आपल्या डोळ्यांतले पाणी त्यात जमेच्या बाजूला धरतो. आजवर त्याला घोडी विकायची म्हणजे आधी महिनाभर चंदी चारून तिच्या अंगावर मांस चढवावे लागे. आता शहरातून मोटारीने येणारे लोक हाडांच्या सापळ्याला जास्त पैसे देतात असे दिसल्यावर हरभऱ्यावर खर्च करण्याइतका तो खुळा नसतो. आपण एक घोडी नेली, तर पुढच्या बाजारात त्याच खुंट्याला तिच्याहून अशक्त दोन बांधलेल्या दिसतील. त्या आपल्या औदार्यानेच तिथे आल्या आहेत, हे कोणी सुचवले तर त्याला कोरड्या मनाचा समजावे.

तिच्या तोंडात काटेरी लगामाच्या जखमा असतील, तर जवळून छायाचित्र घ्यावे, तक्रार मात्र करू नये. असा लगाम १९६५ च्या नियमांनी निषिद्ध आहे खरा. पण तक्रार म्हणजे अर्ज, पंचनामा, तारखा, आणि त्यांतल्या कशातही आपण घोडीच्या गळ्यात हात टाकून उभे दिसत नाही. शिवाय १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तेवढ्यात इंदुरात दोघांचे पोहे-जलेबीही नीट होत नाहीत.

रक्ततपासणीही टाळावी. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो, त्याची खबर देणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तपासणीत तो निश्चित झाला तर जनावराला मारावे लागते. इतका खर्च करून वाचवलेल्या घोडीबद्दल असले काही ऐकून घेण्याची गरज नाही. नाकातून वाहत असेल ते अश्रूच आहेत असे म्हणावे आणि राऊजवळच्या मेव्हण्याच्या शेतावर, बँडवाल्याच्या घोड्या बांधतात तिथेच तिला बांधावे. नव्या जनावराला काही आठवडे वेगळे ठेवणे हे आपल्या पाहुणचारात बसत नाही.

पाहुणचारावरून आठवले. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या घोड्याला लसूणघासाचे वाळलेले गवत थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे, असे डॉक्टर सांगतात. इंदूरच्या माणसाला हे कसे पटावे? पहिल्याच संध्याकाळी भिजवलेला हरभरा, गूळ आणि उरलेली जलेबी असा भरगच्च तोबरा चढवावा. उपाशी शरीरात एकदम इतकी साखर आणि पिष्ट गेले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि पुढच्या काही दिवसांत हृदय बंद पडू शकते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे वाढलेले अन्न परत येण्याचा अपमान यजमानाला सोसावा लागत नाही. या प्रकारात घोडी दगावली, तर आपण तिला शेवटचे सुखाचे दिवस दिले असे लिहावे. प्रतिसाद जिवंत घोडीपेक्षा अधिक येतो.

ती जगलीच, तर प्रसंग कठीण आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, दर सहा-आठ आठवड्यांनी त्याचे खूर कापावे लागतात, आणि नालबंद शोधणे हे वधूवर-संशोधनाहून जिकिरीचे काम झाले आहे. रोजची पंधरा-वीस किलो लीद देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराच्या कचरागाडीत ओल्या कचऱ्यात टाकावी की सुक्या, हेही मेव्हणा फोन करून विचारू लागतो. दोन-तीन महिन्यांनी त्याचा सूर बदलला की घोडी एखाद्या ‘प्राणिप्रेमी’ शेतकऱ्याच्या हवाली करावी. ती पुन्हा विकणार नाही असे लिहून घेऊ नये, कारण त्याने समोरच्याचा अपमान होतो. नंतर पाहायलाही जाऊ नये, कारण मन गुंतते. आणि तोवर दलालाचा फोन आलेलाच असतो : “साहब, इस बार दो आई हैं, पिछली वाली से भी कमज़ोर. आपके लिए ही रोक रखी हैं.”