थंडीत पेस्ट वॅक्स लावायचं नाही, म्हणे!

डिसेंबर लागला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: तापमान 15 अंशांच्या खाली असेल तर गाडीला पेस्ट वॅक्स (रंगाला चमक देणारं, डब्यातलं घट्ट मेण) लावू नका, ते रंगाला धरतच नाही आणि धरलं तरी टिकत नाही. गारठून पांढरं पडतं, त्याला तडे जातात आणि निघताना रंगाचा थर सोबत घेऊन जातं. लावायचंच असेल तर डबा गॅसवर गरम करा, गाडी कढत पाण्याने धुवा, इंजिन चालू ठेवून बॉनेट तापवा आणि थर जाड द्या. नाहीतर सरळ होळीपर्यंत थांबा.

यात थोडं खरं आहे, बरीचशी उगाचची भीती आहे आणि एक सल्ला घर पेटवणारा आहे. तो आधी घेतो. बाकीचं चुकलं तर फार तर गाडीवर डाग पडतील.

‘डबा गॅसवर गरम करा’

हे करू नका. कोणी करत असेल तर त्याला थांबवा. पेस्ट वॅक्सच्या डब्यात नुसतं मेण नसतं. कार्नोबा नावाचं कडक मेण, जोडीला मधमाश्यांचं मेण किंवा पॅराफिन, आणि हे सगळं पसरावं म्हणून पेट्रोलियमपासून केलेला द्रावक. बहुतेक वेळा व्हाइट स्पिरिट किंवा त्याच्या जातीतलं काहीतरी. डबा उघडल्यावर रॉकेलसारखा जो भपका येतो तो त्याचाच. व्हाइट स्पिरिट 40 अंशांच्या आसपास तापलं की त्याची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. शेगडीवर ठिणगी शोधावी लागत नाही. बहुतेक डब्यांवर ज्वलनशील असल्याची सूचना असते, ती वाचायला चष्मा लावावा लागतो एवढंच.

थंडीत पेस्ट कडक होते हे मात्र खरं. त्याला उपाय अगदी साधा आहे. आदल्या रात्री डबा डिकीत न ठेवता घरात ठेवा. सकाळी तो थोडा वेळ दोन्ही तळव्यांत धरा आणि ॲप्लिकेटरचा स्पंज वरून दोन-चार वेळा गोल फिरवा. एवढ्याने वरचा थर हलका होतो आणि एका पॅनलला, म्हणजे दार किंवा बॉनेट अशा एका भागाला, तेवढं पुरतं. एवढं करूनही ते खडूसारखं भुरभुरत असेल, किंवा डबा हलवल्यावर मेणाची वडी आत खुळखुळत असेल, तर दोष थंडीचा नाही. गेल्या खेपेला झाकण नीट लागलं नव्हतं, द्रावक उडून गेला आणि वडी आकसून कडेपासून सुटली. त्यात पेट्रोल ओतून जीव आणायच्या भानगडीत पडू नका, नवा डबा आणा.

‘15 अंशांखाली वॅक्स रंगाला धरत नाही’

फॉरवर्डचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

कार्नोबा येतं ईशान्य ब्राझीलमधून, सिआरा आणि पियाउई या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून. कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडू नये म्हणून झाडाने त्यावर चढवलेलं ते आवरण असतं. ते वितळतं 82 ते 86 अंशांना. म्हणजे बॉनेट 12 अंशांवर असो की 32 वर, मेण त्यावर वितळून ‘मुरतं’ हा प्रकार दोन्हीकडे घडत नाही. आपण मेण आणि द्रावकाचं मिश्रण पसरतो, द्रावक उडून जातो आणि मेणाचा पातळ पापुद्रा मागे राहतो. बस्स, एवढाच खेळ आहे.

गारठ्यात द्रावक सावकाश उडतो. म्हणून थंडीत वॅक्स सुकायला वेळ जास्त लागतो. धरत नाही असं नाही, थांबावं लागतं. ऑक्टोबरच्या दुपारी सावलीत जे पाच मिनिटांत धुरकट होतं, त्याला जानेवारीच्या सकाळी पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. घड्याळ लावून बसायचं कारण नाही. वॅक्स लावलेल्या भागावरून बोटाची एक रेघ ओढा. रेघेच्या कडांना तेलकट फराटा आला तर अजून ओलं आहे. रेघ स्वच्छ उमटली आणि तिच्यात चमक दिसली, तर फडकं घ्या. घाई करून ओलं असतानाच पुसणारे लोक मग ‘थंडीत वॅक्स फासलं जातं, चमक येत नाही’ अशी तक्रार करत हा फॉरवर्ड पुढे ढकलतात.

उलटी चूकही होते. थंडीत सुकायला वेळ लागतो म्हणून अख्ख्या गाडीला एकदम लावून चहाला जायचं, आणि तासाभराने येऊन पुसायला लागलं की दंड भरून येतात. कडक मेणाचं वॅक्स जास्त वेळ राहिलं की निघता निघत नाही. एका वेळी एक किंवा दोन पॅनल घ्या.

आता त्या 15 च्या आकड्याबद्दल. 60 फॅरेनहाइट म्हणजे साडेपंधरा सेल्सिअस. माझा तर्क असा की हा आकडा थंड देशांतल्या सूचनांतून उचललेला आहे आणि त्यात सिरॅमिक कोटिंगचे नियमही मिसळले आहेत. सिरॅमिक कोटिंगची रंगावर रासायनिक प्रक्रिया होऊन ते कडक व्हावं लागतं. तिथे तापमान आणि हवेतली आर्द्रता खरोखर काटेकोर पाळावी लागते. मेणाच्या डब्याला तो कायदा लागू नाही.

आणि लागू धरला तरी इथे त्याचं करायचं काय? पुण्यात जानेवारीचं सरासरी किमान तापमान 11 अंशांच्या आसपास असतं, पण दुपारचं कमाल 30 च्या घरात. निफाडचा पारा 5 अंशांखाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत छापून येते. ते पहाटेचं तापमान. पहाटे पाचला वॅक्स लावायला कोण बसलंय? साडेदहा-अकरापर्यंत तिथेही माणूस स्वेटर काढून कमरेला बांधतो.

यातली खरी गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये नाही

थंडीत खरा त्रास देतं ते दव. निरभ्र रात्री गाडीचा टप उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मग हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. म्हणूनच उघड्यावर लावलेल्या गाडीचा टप सकाळी निथळत असतो आणि शेजारीच पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी कोरडी ठणठणीत असते. हवा दोघींना एकच. मोबाइलवरचं तापमान तुम्हाला यातलं काहीच सांगत नाही.

ओल्या पत्र्यावर पेस्ट वॅक्स लावलं तर ते खरोखर धरत नाही. पाणी मध्ये अडतं, ढगाळ पट्टे येतात. त्यातही फसवणारं पाणी टपावरचं नसतं, ते तर दिसतं. आरशाच्या खोबणीत, नंबरप्लेटमागे, दाराच्या खालच्या कडेला, इंधनाच्या झाकणाभोवती ते दबा धरून असतं आणि तुम्ही पॅनल घासायला लागलात की ओघळतं. दारं आणि डिकी एकदा उघडून आपटा, कडा कोरड्या करा, आणि मग हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा. गार लागला तर हरकत नाही. दमट लागला तर अर्धा तास थांबा.

‘थर जाड द्या’

नको. पहिला पातळ थर रंगावर बसला की उरलेलं सगळं शेवटी फडक्यातच जातं. जाड थराखाली द्रावक अडकतो, वरून सुकल्यासारखं दिसतं आणि पुसताना चिखल होतो. फॉरवर्डमधलं ‘गारठून पांढरं पडतं’ हे बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. तसं पांढुरकं होणं हा तर वॅक्सचा धर्मच आहे, पुसलं की जातं. न जाणारा पांढरेपणा काळ्या प्लास्टिकवर आणि रबर बीडिंगवर दिसतो, तो ऋतू कुठलाही असला तरी येतो. त्या कडांना आधी मास्किंग टेप लावा.

‘तडे जाऊन रंग उपटतं’

गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 40-50 चा. मेणाचा पापुद्रा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा, नखाने खरवडला तर निघेल असा. तो रंग उपटेल म्हणणं म्हणजे लिंबाच्या झाडाने वडाला मुळासकट ओढून काढलं म्हणण्यासारखं आहे. टपावरचा क्लिअर कोट पापडासारखा सुटलेला दिसतो तो वर्षानुवर्षांच्या उन्हाने किंवा अपघातानंतर घाईत मारलेल्या रंगाने. त्याला डिसेंबरात लावलेलं वॅक्स जबाबदार नाही.

‘बॉनेट तापवा, कढत पाण्याने धुवा’

बहुतेक वॅक्सच्या डब्यांवर नेमकं उलटं छापलेलं असतं: गाडी सावलीत असू द्या, पत्रा थंड असू द्या. तापलेल्या बॉनेटवर द्रावक पसरायच्या आतच उडतो आणि मेण जागच्या जागी चिकटून बसतं. कढत पाणी तर त्याहून वाईट. पहाटेच्या गार विंडशील्डवर खडा लागून झालेला एखादा बारीक टवका असेल, तर त्यावर उकळतं पाणी पडताच तिथून चीर धावू शकते. हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या, तेही गाडीसाठी नव्हे, बोटं बधिर होऊ नयेत म्हणून.

‘होळीपर्यंत थांबा’

होळी जळाली, थंडी पळाली हे खरं. पण तोवर गाडीवर काय काय होतं ते बघा. ऊस गाळपाचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. कोल्हापूर, सांगली, बारामतीकडे साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला गाडी उभी राहिली की धुराड्यातली काळी राख टपावर येऊन पडते आणि रात्रीच्या दवात भिजून चिकटते. जानेवारीत आंब्याला मोहोर येतो, त्यावर तुडतुडे येतात, आणि झाडाखालच्या गाडीवर त्यांचा चिकटा पाझरतो. कोकणात ज्याची गाडी आंब्याखाली असते त्याला हे सांगावं लागत नाही. वॅक्स असेल तर हा चिकटा शॅम्पूच्या पाण्याने सुटतो. नसेल तर घासावं लागतं.

आणि मग सोसायटीतला सकाळचा प्रकार. दव आणि धूळ मिळून झालेल्या पातळ चिखलावरून गाडी पुसणारा तेच एक फडकं अकरा गाड्यांवरून फिरवतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे चमकतात त्यातले निम्मे तरी या फडक्याचे, असं माझं मत आहे. वॅक्स ते पूर्णपणे थांबवत नाही, पण फडकं अडखळण्याऐवजी सरकतं. त्या माणसाला दर आठवड्याला दोन स्वच्छ मायक्रोफायबर दिले तर वॅक्सइतकाच फायदा होईल, पण त्याचा फॉरवर्ड कोणी करत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये उलट अडचण होते. सावली सापडत नाही आणि गडद रंगाच्या गाडीला दुपारी हात टेकवत नाही. महाराष्ट्रात पेस्ट वॅक्ससाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली उन्हं चढतानाची वेळ, सावलीतली, याहून चांगली मला माहीत नाही.

टोरांटो किंवा मिनियापोलिसला असलेल्या मंडळींसाठी हिशेब वेगळा. तिथे पत्रा शून्याखाली असताना गाडी धुतली तर पाणी दारांच्या रबरात गोठतं, कुलूप अडकतं. तिकडचे जाणकार रस्त्यावर मीठ पडायच्या आधी, ऑक्टोबरातच दोन थर देऊन मोकळे होतात, किंवा गॅरेज गरम करून आत काम करतात. त्यांनी जानेवारीत उघड्यावर वॅक्स लावू नये हे मान्य. तो सल्ला नाशिक रोडला लागू पडत नाही.

‘थंडीत लावलेलं टिकत नाही’

शेवटचा मुद्दा, हाही उलटाच. कार्नोबा पेस्टचं आयुष्य तसंही महिना-दोन महिन्यांचं. ते कमी करतं कडक ऊन, पाऊस, रोजचं घासणं आणि भांड्यांच्या साबणाने गाडी धुण्याची सवय. हिवाळ्यात ऊन कोवळं, पाऊस जवळजवळ नाही, म्हणजे दोन शत्रू रजेवर. मात्र जानेवारीतलं वॅक्स जूनपर्यंत पुरेल अशी आशा ठेवू नका. पाणी टाकल्यावर टपावर टपोरे मणी उभे राहायचे बंद होऊन ते चादरीसारखं पसरायला लागलं, की ते संपलं. पावसाळ्यासाठी मेच्या शेवटी पुन्हा लावा, तेव्हा मात्र सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत.