कृपया 2011 सालातच राहा

मुंबईत सुखाने नांदायचे असेल तर एकच पथ्य पाळा: 1 मार्च 2011 च्या पुढे सरकू नका. देशाची शेवटची जनगणना त्या दिवसाच्या हिशेबाने झाली आणि सरकारदरबारी तुम्ही त्या दिवशी होतात तिथेच आहात. धोनीचा षटकार वानखेडेच्या प्रेक्षकांत पडायला अजून महिना अवकाश आहे. तुमच्या मुलीचे लग्न व्हायचे आहे, किंवा ती जन्मायची आहे. या अवस्थेत हलला नाहीत तर तुमच्या वाटचे पाणी, शाळा, दवाखाना, अगदी नगरसेवकातला तुमचा हिस्सासुद्धा कागदावर शाबूत आहे. पुढची मोजणी 2021 मध्ये व्हायची होती. साथ आली म्हणून राहिली, आणि साथ गेल्यावरही राहिलीच. आता 1 मार्च 2027 चा मुहूर्त निघाला आहे. म्हणजे सोळा वर्षे जागच्या जागी उभे राहायचे. विरार लोकलने जाणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तुम्ही गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ अशा ठिकाणचे असाल, तर तुमच्यासाठी खास सूचना आहे. तुम्ही कमी होत आहात, आणि ते छान चालले आहे. 2001 मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, 33 लाख 38 हजार माणसे होती. दहा वर्षांनी 30 लाख 85 हजार उरली. 1971 मध्ये हा आकडा 30 लाख 70 हजार होता. एवढे टॉवर, एवढ्या क्रेन, आकाशाला एवढी भोके, आणि चाळीस वर्षांची निव्वळ कमाई पंधरा हजार माणसे! भुलेश्वर-काळबादेवीच्या सी विभागाने तर आघाडी घेतली: दोन लाखांवरून एक लाख 66 हजार. हे लोक कुठे गेले, असे विचारू नका. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा 81 लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. तेव्हा कोणी हरवलेले नाही. सगळे गाडीत आहेत.

कमी व्हायची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण उतावळेपणाने गेलात तर कोणाचा फायदा होत नाही. तुमची इमारत उपकरप्राप्त असावी, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत, भाडे पागडीचे असावे, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र, आणि मालकाने गेल्या दोन पिढ्यांत जिन्याला हात लावलेला नसावा. मग एके दिवशी म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, धोकादायक इमारतीची नोटीस येते, किंवा बिल्डर येतो, किंवा दोघे पाठोपाठ येतात. संक्रमण शिबिरात जा. ‘संक्रमण’ म्हटले म्हणून सामान बांधलेलेच ठेवू नका. तिथे मुले शाळेत जातात, नोकरीला लागतात, त्यांची लग्ने होतात, आणि मूळ जागेवर पाया भरल्याची बातमी नातवाच्या बारशाला येते. नशीब जोरावर असले तर पुढे रिहॅब, म्हणजे जुन्या रहिवाशांसाठीच्या, इमारतीत 300-400 चौरस फुटांचे घर मिळते. समोरच्या खिडकीत बिल्डरने विकायला बांधलेल्या सेल इमारतीचा जलतरण तलाव दिसतो. तो पाहण्याचे पैसे पडत नाहीत, पण तुमच्या लिफ्टचे, पंपाचे आणि वॉचमनचे पडतात. चाळीत महिना काही शेकड्यांत भागणारा माणूस मेंटेनन्सचे बिल पाहून पहिल्यांदा उंचीला घाबरतो. मग एजंट भेटतो, आकडा सांगतो, आणि डोंबिवलीला दोन बेडरूम होतात. कोणीही कोणाला हाकललेले नसते. सही तुमचीच असते.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही गेलात त्या जागी दुसरे आले असतील ना? आले आहेत, तसे. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा 4.8 लाखांच्या घरात सांगितला होता. रिकाम्या घराइतका आदर्श शेजारी मिळणार नाही. पाण्यासाठी भांडत नाही, गॅलरीत कपडे वाळत घालत नाही, आणि मतदानाला न जाऊनही त्याला कोणी नावे ठेवत नाही.

गिरणगावाची गोष्ट याहून पुढची आहे. तिथला माणूस भोंगा झाला की चालत कामावर जात असे, म्हणून तिथल्या रेल्वे स्टेशनांकडे फारसे लक्ष द्यायचे कारण नव्हते. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियमात एक बारीक दुरुस्ती झाली: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मैदाने आणि परवडणारी घरे यांच्या जागी मॉल आणि कॉर्पोरेट पार्क उभे राहिले. काही आवारांच्या नावात मात्र ‘मिल्स’ शब्द राखला हो. कामगारांचा मान ठेवला पाहिजे. आता तिथे रात्री राहणारे कमी आणि सकाळी गाडीतून उतरणारे हजारो. आपला हिशेब रात्री झोपणाऱ्यांचा असल्यामुळे सकाळचे हे लोक कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. परळ-एल्फिन्स्टनच्या पादचारी पुलाला तेवढे हे कळले नाही. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, त्या पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. नवा पूल काही महिन्यांत झाला, तोही लष्कराने बांधला. तेव्हा जागे करायचे असेल तर अर्ज करत बसू नका, एवढेच समजले.

त्याच गिरण्यांतल्या कामगारांना आणि वारसांना घरे द्यायची योजना आहेच. बहुतेक घरे शेलू आणि वांगणीला. ज्यांनी गिरणीच्या सावलीत जन्म काढला त्यांनी आता कर्जतच्या बाजूची स्वच्छ हवा खावी. 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर ‘घर मुंबईतच हवे’ म्हणून ओरडायला ही मंडळी आली होती. तुम्ही असले काही करू नका. हवा खरोखर चांगली आहे.

प्रभागरचनेचे तर विचारूच नका. किंवा विचाराच, कारण विचारल्याशिवाय मजा कळणार नाही. मुंबई महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीआधी 2011 ची लोकसंख्या धरून सीमा नव्याने आखल्या, तेव्हा शहर भागाचे नगरसेवक 63 वरून 56 झाले. सात जण उपनगरात गेले. तुम्ही डोंबिवलीला गेलात, नगरसेवक बोरिवलीला गेला. सुदैवाने दोघांच्या गाड्या वेगळ्या. पुढे एका सरकारने पालिकेतले एकूण नगरसेवक 227 चे 236 केले, कारण 2011 नंतर लोकसंख्या वाढलीच असणार. दुसरे सरकार आले आणि त्याने 2022 च्या ऑगस्टमध्ये 236 चे पुन्हा 227 केले, कारण मोजल्याशिवाय वाढली कशी म्हणायची? दोन्ही युक्तिवाद पाठ करून ठेवा, घरातल्या भांडणात उपयोगी पडतात. या नऊ खुर्च्यांच्या वादाबरोबर ओबीसी आरक्षणाचा वादही कोर्टात गेला. पालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली, मतदान 15 जानेवारी 2026 ला झाले. मधली जवळजवळ चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एकाही नगरसेवकाशिवाय चालली. आणि तुम्हाला फरक जाणवला का? नाही ना? मग प्रभाग कितीचा असावा यावर कशाला रक्त आटवता!

विकास आराखड्याबद्दल थोडक्यात. 1981 ते 2001 साठीचा आराखडा 1991 ते 1994 मध्ये मंजूर झाला. 2014 पासून लागू व्हायचा होता त्याचा मसुदा 2015 मध्ये आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला, आणि सुधारून 2018 मध्ये मंजुरी मिळाली. लोक याला दिरंगाई म्हणतात. अहो, निम्मी मुदत उलटून गेल्यावर आराखडा आला की पुढचा अंदाज चुकायची भीती तेवढीच कमी. मैदानाचे आरक्षण ज्या जागेवर टाकायचे तिथे तोवर काय उभे राहिले आहे हे तरी नक्की दिसते.

शाळेचा प्रश्न तर आपोआप सुटतो. मुले कमी म्हणून पट कमी, पट कमी म्हणून मराठी शाळेचे वर्ग बंद, आणि जवळ शाळा नाही म्हणून लहान मुलांचे आईबाप निघून जातात. मग वर्ग बंद करण्याचा निर्णय योग्य होता हे सिद्ध होते.

या सगळ्यात एकच अडचण आहे, गणपती. भाद्रपदात दहा दिवस गिरगावात आणि लालबागात पाय ठेवायला जागा नसते. 1893 पासून गणपती बसवणाऱ्या केशवजी नाईक चाळीची ख्याती मोठी, पण कुठल्याही गल्लीत पाहा: मंडळाचा अध्यक्ष कल्याणहून येतो, खजिनदार नालासोपाऱ्याहून, आणि ढोल वाजवणारी पोरे जिथून येतात तिथपर्यंत लोकल नुकतीच पोचली आहे. वर्गणीच्या पुस्तकात मात्र सगळ्यांचे पत्ते अजून इथलेच. जनगणना चुकूनही या दिवसांत होऊ देऊ नका. सातही नगरसेवक परत द्यावे लागतील.

2027 चा प्रगणक दारात आला की गोंधळू नका. कामाचे ठिकाण घरापासून किती किलोमीटर आणि तिथे कसे जाता, हा प्रश्न 2011 मध्येही होता. सरकारला अंतर ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. पुन्हा विचारला तर ‘चाळीस’ म्हणा आणि रेल्वेवर खूण करायला सांगा. बसून जाता की उभ्याने, हे सांगत बसू नका. त्याला पुढच्या दारात जायचे आहे, आणि त्या दाराला कुलूप आहे.