मालवणचे पर्यटन: वर्षाचा आकडा सोडा, मे महिन्यातला दिवस मोजा

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्याला किती पर्यटक झेपतील, हा वाद दर सुट्टीच्या हंगामात नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, सिंधुदुर्ग १९९७ मध्येच पर्यटन जिल्हा जाहीर झाला, चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, सिंधुदुर्ग किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता तरी माणसे येऊ द्या. दुसरी बाजू म्हणते, कोकणाचा गोवा होतोय, थांबवा. दोघांच्याही हातात एकच हत्यार असते: वर्षाला किती लाख पर्यटक आले. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर राहून हे वाचताना सारखे वाटते की या आकड्यावर भांडून कोणाच्याच पदरी काही पडणार नाही. किनाऱ्याचे नियोजन वर्षाच्या बेरजेवर होत नाही. ते एका जागेवर, एका दिवशी, कोणती गोष्ट आधी संपते यावर होते.

इथल्या व्हिटसंडे बेटांचे उदाहरण घ्या. ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेच्या सागरी उद्यानात या बेटांभोवतीच्या पाण्याला वापराच्या श्रेणी दिल्या आहेत. मध्यम वापराच्या जागी एका गटात ४० माणसे, शांत ठेवायच्या जागी १५. प्रवाळाजवळ पांढरे तरंगते बोये लावलेले असतात. त्यांच्या आत नांगर टाकायचा नाही. पर्यटकामागे रोजचे शुल्क नौकाचालकाकडून घेतले जाते, त्यामुळे कोण कुठे गेले याची नोंद आपोआप तयार होते. मोजणी आणि परवाना एकमेकांना बांधलेले आहेत, म्हणून किनारा किती झेपवेल याचा हिशेब मांडणाऱ्या संगणकातल्या प्रतिमानाला (मॉडेलला) खरे आकडे मिळतात.

हे जसेच्या तसे उचलून मालवणात आणा, असे मी म्हणणार नाही. व्हिटसंडेच्या पाण्यावर कोणाची वस्ती नाही. मालवणजवळच्या देवबागला एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मधल्या अरुंद वाळूच्या पट्टीवर घरे, माड, विहिरी, होमस्टे, सगळे एकत्र आहे. तिथे पर्यटकांची मर्यादा ठरवणे म्हणजे कोणाच्या तरी चुलीवर मर्यादा घालणे. शिवाय रीफवर एवढी शिस्त असूनही २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. तापलेल्या समुद्रापुढे गटाची मर्यादा काही करू शकत नाही.

नुसता आकडा जाहीर केला की काय होते, ते फिलिपिन्समधल्या बोराकायने दाखवले. सांडपाणी थेट समुद्रात जाते म्हणून २०१८ मध्ये ते बेट सहा महिने बंद केले. उघडताना मर्यादा घातली: एका वेळी १९,२१५ पर्यटक, दिवसाला ६,४०५ नवे. भागाकार करून पाहा, बरोबर तीन येतात. पर्यटक सरासरी तीन दिवस राहतो, हे गृहीतक त्या आकड्यात दडलेले आहे. मुक्काम चार दिवसांचा झाला तर दिवसाची मर्यादा साधारण ४,८०० वर आणावी लागेल. म्हणजे वाद ६,४०५ वर घालायचा नसतो, तीनवर घालायचा असतो. एका वेळी हजर माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ, हे साधे सूत्र किल्ल्याच्या होड्यांना आणि स्नॉर्केलिंगच्या जागेलाही तसेच लागू पडते. तिथे दिवसांऐवजी मिनिटे धरायची.

आता मालवण ते देवबाग संगम एवढ्याच पट्ट्याचे प्रतिमान कसे उभे करावे, ते सांगतो. आधी सीमा. जिल्हा घेऊ नका, जिल्ह्याची सरासरी कोणाच्याच विहिरीत उतरत नाही. नंतर काळाची पायरी: एक दिवस. हंगाम ऑक्टोबर ते मे, साधारण २४० दिवस. समजा एका गावात हंगामात ७२,००० मुक्काम झाले. सरासरी रोज ३०० माणसे. प्रत्यक्षात दिवाळी, नाताळ आणि मे मिळून ४० दिवस रोज ९०० येतात आणि उरलेले २०० दिवस रोज १८०. बेरीज तीच, पण शौचटाकी आणि होडी ९०० माणसांच्या दिवशी तुंबते. सहा माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या टाकीवर सोळा पाहुणे आले की सांडपाणी आत पुरेसा वेळ थांबत नाही, गाळ बाहेर ढकलला जातो, आणि खाली वाळू असल्यामुळे तो शेजारच्या विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. वार्षिक सरासरीच्या प्रतिमानात ही टाकी कधीच भरत नाही.

त्यानंतर साठे आणि प्रवाह. साठा म्हणजे मोजता येईल अशी शिल्लक: वाळूखालचे गोडे पाणी, खोल्या, किनाऱ्यावरची वाळू, जिवंत प्रवाळ, कुटुंबांवरचे कर्ज. प्रवाह म्हणजे त्यांत येणारे आणि त्यांतून जाणारे. यातला सगळ्यात आधी संपणारा साठा पाण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

वाळूच्या पट्टीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५. त्यामुळे भूजल समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर सिद्धांतानुसार खाली ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. उपशाने वरची पातळी २५ सेंटीमीटर उतरली की कालांतराने खालचे खारे पाणी १० मीटर वर चढू शकते. अरुंद पट्टीत गोड्या पाण्याची जाडी मुळातच कमी, म्हणून चुकीला जागा नाही. खोल बोअरवर जोरकस पंप बसवला की खारे पाणी नेमके त्या बोअरखाली उंचावते. उथळ, रुंद विहीर आणि लहान पंप वरचेच पाणी हळूहळू घेतो. पाहुणे वाढले म्हणून विहीर सोडून बोअर मारणे हा या जमिनीवरचा सर्वात महागडा निर्णय आहे. एकदा खारावलेली जागा धुऊन निघायला अनेक पावसाळे लागू शकतात.

एका हेक्टरचा हिशेब करू. पाऊस ३,००० मिलिमीटर, त्यातला ३० टक्के जमिनीत मुरतो असे धरले तर वर्षाला ९० लाख लिटर. भारतीय मानकांनुसार साध्या हॉटेलात एका खाटेला दिवसाला १८० लिटर पाणी धरतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला ५५ लिटर. एक पर्यटक म्हणजे तीनाहून अधिक गावकरी. २४० दिवसांच्या हंगामात एका खाटेला ४३,२०० लिटर लागतात. कागदावर एका हेक्टरात २०८ खाटा बसल्या. हाच आकडा एखाद्या प्रकल्प अहवालात छापला जाऊ शकतो.

पण मुरलेले पाणी थांबत नाही, समुद्राकडे आणि नदीकडे झिरपत राहते. उन्हाळ्यापर्यंत वापरण्याजोगे पाचव्या हिश्शाइतकेच उरते असे समजा: १८ लाख लिटर. त्याच हेक्टरात साधारण १७५ माड आहेत. उन्हाळ्यात माडाला चार दिवसांतून एकदा २०० लिटर, म्हणजे रोज ५० लिटर देतात. १५० दिवसांचे झाले सुमारे १३ लाख लिटर. उरले पाच लाखांच्या आत. खाटा बसतात ११, आणि घरच्या माणसांचे पाणी अजून धरलेले नाही. आता पाचव्या हिश्शाऐवजी दोन पंचमांश उरते असे धरा, खाटा होतात ५३. एका गृहीतकाने उत्तर जवळजवळ पाचपट हलले.

प्रतिमानाचा खरा उपयोग हा आहे. ११ बरोबर की ५३, ते संगणक सांगू शकत नाही. कोणते मोजमाप नसल्यामुळे आपण अंधारात आहोत, ते तो सांगतो. प्रत्येक गृहीतक थोडे वरखाली करून उत्तर किती हलते ते पाहायचे, आणि ज्याने सर्वाधिक हलते त्याच्यावर पहिला पैसा खर्च करायचा. इथे ते उत्तर आहे विहिरींची पातळी आणि क्षार. क्षारांसाठी विद्युतवाहकता मोजणारे हातात धरायचे साधे मीटर पुरते. २५ विहिरी, दर पंधरा दिवसांनी नोंद, आठ महिन्यांत ४०० नोंदी. प्रत्येक नोंदीसोबत भरती की ओहोटी ते लिहायचेच, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरीची पातळी भरतीबरोबर हलते आणि ते न लिहिल्यास महिनाभराची घट समजून आपण दिवसभराचा चढउतार मोजत बसतो.

वाळूचा साठा पाण्यापेक्षा सावकाश संपतो, पण तिथेही आपला वाद चुकीच्या जागी अडकला आहे. लाट घर गाठते, मागणी होते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. दगडी बंधारा मागची जमीन वाचवतो, पण पुढची वाळू परत येण्याऐवजी ओढली जाते आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. मग पुढचा शेजारी बंधारा मागतो. क्वीन्सलँडने हाच धडा जबर किमतीला घेतला. ट्वीड नदीच्या मुखाशी १९६० च्या दशकात भिंती लांबवल्या, उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि गोल्ड कोस्टचे किनारे उपाशी राहिले. २००१ पासून तिथे वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू पंपाने भिंती ओलांडून पलीकडे टाकली जाते. आजही, दरवर्षी. कर्लीच्या मुखातला वाळू उपसा आणि देवबागची धूप यांचा जमाखर्च एकाच वहीत मांडल्याशिवाय बंधाऱ्याचा एक मीटरही मंजूर होऊ नये. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची, चर्चा भरतीरेषेपासून ५० मीटर की २०० मीटर यावर चालते. ती रेषाच सरकत असेल तर?

एक साखळी अहवालांत क्वचितच दिसते, ती कर्जाची. हंगाम चांगला गेला की खोली वाढते, खोली कर्जावर बांधली जाते, हप्ता बारा महिने येतो आणि पाहुणे आठ. मेअखेर जलक्रीडा बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीही बंद. तो हप्ता भरायला पुढच्या हंगामात आणखी पाहुणे हवेत, म्हणून दर पाडले जातात, म्हणून गर्दी वाढते. ही साखळी न धरता ‘पर्यटक कमी करा’ म्हणणारे प्रतिमान गावात टिकणार नाही, आणि टिकू नये. हंगामानुसार हप्ता बांधून देणारी बँक इथे कोणत्याही जागृती मोहिमेपेक्षा जास्त काम करील.

माणसे मोजायची कशी, हा प्रश्न लगेच येतो. होमस्टेची नोंद अपुरी असते हे उघड आहे. म्हणून आडवाटेने मोजा: महावितरणचे महिन्याचे युनिट, किल्ल्याच्या होडीची तिकिटे, रिकाम्या टाक्या भरणारे टँकर. तीन स्वतंत्र मार्गांनी आकडा जवळपास आला तर धरा, नाहीतर थांबा. आणि चाचणीशिवाय प्रतिमान वापरू नका. तीन वर्षांच्या नोंदींवर ते बसवा, चौथे वर्ष त्याच्यापासून लपवा, मग विचारा: एप्रिलअखेर विहिरीत किती पाणी होते? उत्तर १० सेंटीमीटरहून जास्त चुकत असेल तर त्यावर परवाने देऊ नयेत. यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. साठे-प्रवाहाचे गणित एक्सेलमध्ये होते, होड्यांची गर्दी नेटलोगोत, नकाशे क्यूजीआयएसमध्ये. शेवटच्या दोन फुकट आहेत.

समुद्रातल्या आखणीसाठी मार्क्सन नावाची प्रणालीही फुकट मिळते. ती क्वीन्सलँड विद्यापीठात घडली आणि ग्रेट बॅरियर रीफच्या २००४ च्या फेरआखणीत तिची मदत झाली. मासेमारीबंद क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते, ते ३३ टक्के झाले. पण त्या वेळी लोकांकडून ३१ हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या आणि नकाशावरच्या रेषा त्यानुसार सरकल्या. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि तो समजण्यासारखा आहे: ज्यांचे रोजचे पाणी, त्यांनाच रेषा ओढताना पेन्सिल मिळाली नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढायला किनाऱ्याची मोकळी लांबी लागते, ठरावीक वेळी लागते. ती प्रतिमानात आधीची, न हलणारी गरज म्हणून लिहा. पॅरासेलिंग आणि बनाना राइड उरलेल्या जागेत आणि उरलेल्या वेळेत.

माझी मागणी म्हणून छोटी आहे. सल्लागार कंपनीने छापील अहवाल देऊन निघून जायचे, ही पद्धत बंद करा. सूत्रांसकट फाइल ग्रामपंचायतीच्या संगणकावर राहिली पाहिजे आणि ती दहावी-बारावी झालेल्या गावातल्या दोघांना चालवता आली पाहिजे. होमस्टेच्या परवान्यात खोल्यांची संख्या कायमची लिहू नका. क्वीन्सलँडमधल्या नूसा नगरपालिकेने २०२२ पासून अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना मंजुरी सक्तीची केली आणि तक्रारीसाठी जवळपास राहणारा, चोवीस तास उपलब्ध माणूस नेमायला लावला. तशी अट आपल्याकडेही चालेल, पण त्यासोबत पाण्याची अट हवी. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. वाडीतल्या ठरवलेल्या विहिरींपैकी तीन विहिरी एप्रिलमध्ये ती ओलांडतील त्या वर्षी त्या वाडीत नवी खोली नाही आणि नवा बोअर नाही. खाली आल्या तर पुढच्या ऑक्टोबरात अर्ज पुन्हा खुले, आणि पहिला हक्क ज्यांची घरे आधीपासून तिथे आहेत त्यांचा.